डोंगरगावी स्थायिक होताना : गाव निवडण्यापूर्वी तपासाव्यात अशा गोष्टी

नवी दिल्ली : मे महिन्यात सिमला, मुक्तेश्वर किंवा कुन्नूर येथे चार दिवस राहून परतणाऱ्या कुटुंबांत एक संभाषण हमखास होते. इथेच एखादे लहानसे घर घेतले तर? पूर्वी हा विचार गाडी घाट उतरेपर्यंत विरून जात असे. २०२० नंतर अनेक क्षेत्रांत घरून काम करण्याची पद्धत रुळली. निवृत्तीनंतर महानगरातच राहिले पाहिजे असे अनेकांना वाटेनासे झाले. त्यातच मोठ्या शहरांचा उन्हाळा आणि तेथील हवा दरवर्षी नकोशी होत चालली आहे. त्यामुळे मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरु, इंदूर अशा शहरांतील कुटुंबे आता हा विचार गांभीर्याने करू लागली आहेत. यात बहुधा आयुष्यभराची बचत गुंतते आणि डोंगरातील घर सहजासहजी विकलेही जात नाही. म्हणून निवड आधीच नीट व्हावी हे बरे.

पर्यटक एखादे गाव पाहतो ते त्या गावाच्या सर्वांत चांगल्या महिन्यात. रहिवाशाला मात्र त्याचे बाराही महिने अनुभवावे लागतात. त्यामुळे गावाची निवड करताना तेथील सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यात पाणी, रस्ता, वीज व दवाखाना यांची स्थिती काय असते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. जमिनीचे दलाल या प्रश्नाचे उत्तर सहसा देत नाहीत. ते गावातील किराणा दुकानदार देतो.

उंचीचा आकडा आणि प्रत्यक्ष हवामान

समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे ढोबळ गणित उपयोगी असले तरी अपुरे आहे. कांगडा खोऱ्यातील पालमपूर सुमारे १,२२० मीटर उंचीवर आहे आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. आकडे जवळपास सारखे, पण पालमपूर बत्तीस अक्षांशावर धौलाधार रांगेच्या पायथ्याशी आहे. तेथील जानेवारी आणि पाचगणीचा जानेवारी यांची तुलनाच होत नाही. सिमला, मसुरी, नैनिताल ही गावे दोन हजार मीटरच्या आसपास असून तेथे दोन-तीन महिने घर तापवावेच लागते. त्यासाठी लाकूड, वीज किंवा गॅस यांचा खर्च येतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मृत्यू झाल्याच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. डोंगरातील थंडीत नवख्यांनी सर्वप्रथम शिकावी अशी गोष्ट हीच आहे. लेहसारखी गावे साडेतीन हजार मीटरवर आहेत. तेथे हवा विरळ असल्याने हृदय व फुप्फुसांचे विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय कायम वास्तव्याचा विचारही करू नये.

घर डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे, यावरही बरेच काही ठरते. हिमालयात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यात दिवसभर ऊन असते. उत्तरेकडील उतार सावलीत राहतो आणि तेथे पडलेला बर्फ, रस्त्यावरचा गोठलेला थर अनेक दिवस टिकतो. एकाच गावात, एकाच उंचीवर, पाचशे मीटर अंतरावरील दोन घरांत राहणाऱ्यांचे हिवाळे वेगळे असू शकतात. नकाशावर उंची दिसते, पण ऊन पाहण्यासाठी डिसेंबरात दुपारी तीन वाजता त्या जागेवर उभे राहावे लागते.

पावसाबाबतही मराठी माणसाचे अंदाज बऱ्याचदा चुकतात. पाऊस जूनमध्ये येतो आणि दसऱ्यापर्यंत सरतो, ही आपली सवय. निलगिरीच्या पूर्व अंगाला असलेल्या कुन्नूर व कोटागिरी येथे ईशान्य मोसमी पावसाचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. नोव्हेंबर २००९ मध्ये याच पावसाने निलगिरी जिल्ह्यात दरडी कोसळून चाळीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा डोंगरी रेल्वेमार्गही पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद पडतो. दिवाळीच्या सुट्टीत 'पावसाळा संपल्यावर' जागा पाहायला जाणाऱ्यास तेथे ऐन पावसाळाच भेटतो. एका अर्थी ते चांगलेच.

थोड्याशा अंतराने किती फरक पडतो, याचे उदाहरण सह्याद्रीतच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला अवघ्या वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. चार महिने धुके, भिंतींना ओल आणि कपड्यांना बुरशी हे सोसण्याची तयारी नसेल, तर प्रसिद्ध गावाऐवजी त्याच्या पर्जन्यछायेतील शेजारी गाव निवडणे शहाणपणाचे. हिमाचलमध्ये धरमशाला हे उत्तर भारतातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून जुलै-ऑगस्टमध्ये तेथे सूर्यदर्शन दुर्मीळ होते. कुमाऊँमधील अल्मोड्यात पाऊस त्या मानाने बराच कमी असतो.

जमीन कोणाला घेता येते?

डोंगरी राज्यांतील जमिनीचे कायदे हा या विषयातील सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनेकांचे बेत येथेच संपतात. फसवणुकीची सुरुवातही बहुधा येथूनच होते.

हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कुळवहिवाट व जमीन सुधारणा कायद्याचे कलम ११८ लागू आहे. पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांच्या काळात झालेल्या या कायद्यानुसार बिगरशेतकऱ्यास राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन हस्तांतरित करता येत नाही. येथे 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या ध्यानात घ्यावी. हिमाचलमधील जमीन स्वतः कसणारा भूधारक, एवढाच तिचा अर्थ आहे. महाराष्ट्रातील सातबारा उतारा तेथे उपयोगाचा नाही. इतकेच काय, पिढ्यान्‌पिढ्या सिमल्यात राहणाऱ्या पण शेतजमीन नसलेल्या हिमाचली कुटुंबालाही ही परवानगी घ्यावी लागते. घरासाठी परवानगी मिळू शकते. मात्र क्षेत्राला मर्यादा असते, जमीन ठरावीक मुदतीत ठरलेल्या कारणासाठीच वापरावी लागते आणि प्रक्रियेला वेळ लागतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मुखत्यारपत्रावर ताबा ठेवण्याची 'सोय' दलाल सुचवतात. कायद्याने ही वाटही बंद केली आहे. असा व्यवहार उघड झाल्यास जमीन शासनजमा होते आणि भरलेले पैसे परत मिळण्याचा मार्ग उरत नाही.

उत्तराखंडमध्ये २००३ पासून बाहेरील व्यक्तींच्या जमीनखरेदीवर मर्यादा आली. ग्रामीण भागात ५०० चौरस मीटरची ही मर्यादा २००७ मध्ये २५० चौरस मीटर करण्यात आली. २०१८ मध्ये उद्योगांसाठी नियम शिथिल झाले. त्याविरुद्ध राज्यात असंतोष वाढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मूळ निवास व भूकायद्याच्या मागणीसाठी डेहराडूनमध्ये मोठा मोर्चा निघाला. अखेर २०२५ मध्ये कायदा पुन्हा कडक झाला. आता हरिद्वार व उधमसिंह नगर वगळता उर्वरित अकरा जिल्ह्यांत बाहेरील व्यक्तींना शेती व फळबागेची जमीन घेता येत नाही. नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी एका कुटुंबाला एकदाच २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम अडीच गुंठे जागा प्रतिज्ञापत्रावर घेता येते. सफरचंदाची बाग आणि तिच्या मध्यभागी घर, हे चित्र कायद्याने संपले आहे.

सिक्कीममध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१ फ अन्वये विलीनीकरणापूर्वीचे जुने कायदे कायम असल्याने बाहेरच्यांना तेथे जमीन घेणे जवळजवळ अशक्य आहे. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि २०१९ पासून मणिपूर येथे तर प्रवेशासाठीच इनर लाइन परमिट लागते. ही राज्ये प्रवासाला सुंदर असली तरी स्थलांतराच्या यादीत धरू नयेत.

दक्षिणेत कायद्याचा अडसर कमी आहे. कर्नाटकने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरील शेतजमीन खरेदीची बंदी उठवली. मात्र कोडगू जिल्ह्यात 'जम्मा बाणे' या वंशपरंपरागत धारणेतील जमिनींच्या नोंदी आजही अनेकदा पूर्वजांच्या नावे असतात. एका जमिनीमागे बरेच हक्कदार असू शकतात. तमिळनाडूत शेतकरी असण्याची अट नाही, पण निलगिरीत बांधकाम, खोदकाम, वृक्षतोड आणि खासगी वनजमीन यांवर कडक निर्बंध आहेत. सिगूर पठारावरील हत्तींचा भ्रमणमार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ग्राह्य ठरवला, तेव्हा त्या मार्गातील रिसॉर्टमालकांना आपली बांधकामे सोडावी लागणार हे स्पष्ट झाले. त्यांपैकी अनेकांकडे खरेदीखते होतीच.

महाराष्ट्रातही शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असण्याची अट आहे, हे परराज्यांत वाढलेल्या मराठी कुटुंबांना बऱ्याचदा ठाऊक नसते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे नवे बांधकाम सहजी होत नाही. माथेरानमध्ये खासगी मोटारींना प्रवेशच नाही. काहींना ही अडचण वाटेल, तर काहींना त्या गावाचे तेच मोठे आकर्षण वाटेल.

कागदपत्रांची नावे राज्यागणिक बदलतात, पण तपासायचे तेच असते. आपल्याकडील तलाठ्याचे काम तेथे पटवारी करतो. सातबाऱ्याच्या जागी हिमाचलात जमाबंदी, उत्तराखंडात खतौनी पाहावी आणि फेरफाराला तेथे दाखिल-खारिज म्हणतात. मोजमाप गुंठ्यात होत नाही. उत्तराखंडात ते नालीत (एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर), हिमाचलात कनाल, मरला व बिघ्यात, तर तमिळनाडूत सेंटमध्ये (शंभर सेंटचा एक एकर) होते. उत्तराखंडच्या पहाडात चकबंदी, म्हणजे जमिनींचे एकत्रीकरण, फारसे झालेले नाही. तेथील 'गोल खाता' प्रकारात एकाच खात्यावर अनेक भाऊबंदांची नावे असतात. त्यांतील निम्मे दिल्ली-मुंबईत असतात आणि घर बांधून झाल्यावर उगवतात. 'बेनाप' म्हणजे कधीच न मोजलेली जमीन १८९३ च्या अधिसूचनेने संरक्षित वन ठरलेली आहे. घराला लागून असलेला सुंदर मोकळा तुकडा 'वापरायला मिळेल' असे कोणी सांगितल्यास तो बेनाप नाही ना, हे पाहावे.

उतार आणि त्याखालील माती

जोशीमठचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एक तपशील पुन्हा सांगण्याजोगा आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. हे शहर जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे आणि तेथे जड बांधकामे होऊ देऊ नयेत, असा इशारा गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या समितीने १९७६ मध्येच दिला होता. अहवाल उपलब्ध असतानाही पुढची सत्तेचाळीस वर्षे बांधकामे होत राहिली. ती करणाऱ्यांत परवानगी देणारे होते, बांधणारे होते आणि चौकशी न करता विकत घेणारेही होते.

हिमालयात शतकानुशतकांच्या वस्त्या बहुधा पक्क्या खडकाच्या सोंडेवर असतात आणि शेती खाली, मऊ मातीच्या पायऱ्यांवर. जुन्या लोकांनी घरासाठी कोणती जागा टाळली, याचा हा नकाशाच आहे. नवे भूखंड पाडले जातात ते याच शेतांवर, कारण तेथे जेसीबी पोहोचतो आणि जागा सपाट दिसते. नदीकाठची सपाटी तर अधिकच फसवी. ओढा मुख्य नदीला मिळतो तेथे साचलेल्या गाळाचे पंख्यासारखे मैदान तयार होते. ते ओढ्यानेच आणून टाकलेले असते आणि तो ते कधीतरी परत घेतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली येथे खीरगंगेच्या लोंढ्याने अशाच काठावरील हॉटेले व घरे काही क्षणांत गाडली. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुलू-मनाली मार्गाचे आणि काठावरील बांधकामांचे जे केले, तेही अनपेक्षित म्हणता येणार नाही.

सह्याद्री यास अपवाद नाही. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैतील. केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई व चूरलमला ही गावे ३० जुलै २०२४ च्या पहाटे दरडीखाली गेली, तीही जुलैतच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्या परिसराचा समावेश संवेदनशील क्षेत्रात केला होता.

सामान्य माणूस यात काय तपासू शकतो? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर भूस्खलनप्रवण क्षेत्रांचे नकाशे खुले आहेत. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये १४७ जिल्ह्यांचा भूस्खलन अॅटलास प्रसिद्ध केला. त्यात रुद्रप्रयाग व टिहरी गढवाल हे जिल्हे अग्रस्थानी आहेत. हे नकाशे जिल्हा-तालुक्यापुरते ठीक, पण भूखंडासाठी डोळेच वापरावे लागतात. उतारावरील झाडांचे बुंधे बुडाशी वाकून वर सरळ झाले असतील, तर माती हळूहळू सरकते आहे. आधारभिंतीला (हिमाचलात तिला डंगा म्हणतात) पोट आले असेल, रस्त्याला चंद्रकोरीच्या आकाराची भेग असेल किंवा विजेचे खांब एकाच दिशेने कलले असतील, तर तेथून निघावे. याखेरीज शेजारच्या घरांचे सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न विचारावाच. मैदानात शोषखड्डा निरुपद्रवी असतो. उतारावर वीस घरांचे शोषखड्डे म्हणजे जमिनीच्या पोटात रात्रंदिवस पाणी सोडणे होय. गटारव्यवस्था नसलेल्या आणि वेगाने वाढणाऱ्या डोंगरी वस्तीत घर घेताना आपण केवळ आपल्या नव्हे, तर वरच्या आळीतील प्रत्येकाच्या न्हाणीघरावर अवलंबून असतो.

भूकंपाचा विचार हिमालयात वेगळा करावा लागत नाही, तो गृहीतच धरावा लागतो. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे वीस हजार लोक मृत्युमुखी पडले. आज ज्या खोऱ्यात पॅराग्लायडिंग, कॅफे आणि गृहप्रकल्प बहरले आहेत, तेच हे खोरे. दगड व लाकडाचे थर एकाआड एक रचणाऱ्या जुन्या काठकुणी बांधणीची घरे डोलून सावरतात, असा तेथील अनुभव आहे. सळई वाचवून उभारलेल्या चार मजली इमारतींविषयी असे म्हणता येत नाही. स्थापत्य अभियंत्याची फी डोंगरात कधीही वाचवू नये.

नळ आहे, पण पाणी?

ज्या डोंगरातून देशाच्या नद्या निघतात तेथे पाणी कमी पडेल, हे मैदानातल्या माणसाला पटत नाही. पण नदी दरीत असते आणि घर माथ्यावर. मधले अंतर पंपाने पाणी चढवून कापावे लागते. मे-जून २०१८ मध्ये सिमल्याच्या काही भागांत आठवडाभर नळाला पाणी आले नाही. पर्यटकांनी येऊ नये, अशी विनंती रहिवाशांनी समाजमाध्यमांवरून केली होती. इंग्रजांनी काही हजार लोकांसाठी वसवलेल्या या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ६९ हजारांवर होती आणि उन्हाळ्यातील पाहुणे वेगळेच. त्याआधी २०१५-१६ च्या हिवाळ्यात याच शहरात काविळीची मोठी साथ आली होती. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील घाण अश्वनी खड्डमधून पिण्याच्या पाण्यात मिसळत होती. (खड्ड म्हणजे तिकडे ओढा. मराठी वाचकाने खड्डा समजू नये, जरी या प्रकरणात तोही अर्थ चुकीचा ठरला नसता.)

कुमाऊँ-गढवालमधील खेडी नौला व धारा या झऱ्यांवर जगतात. हिमालयातील निम्म्याच्या आसपास झरे आटत चालल्याची नोंद नीती आयोगाच्या २०१८ मधील अहवालात आहे. बांज म्हणजे ओकच्या जंगलाखाली झरे टिकतात. चीड पाइनच्या कोरड्या जंगलात ते लवकर आटतात, शिवाय एप्रिल ते जून वणव्याची भीती. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळील आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमताल सरोवरातून पाणी उचलले. जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आगीशी झुंजताना वनकर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यामुळे घराभोवती कोणते झाड आहे, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. 'पाणी चोवीस तास' असे सांगितले गेल्यास शेजाऱ्याच्या छपरावरील टाक्या मोजाव्यात. टाक्या जितक्या अधिक, तितका नळाचा भरवसा कमी.

दवाखाना आणि रोजचे जगणे

डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. मुक्तेश्वरहून हल्द्वानीचे मोठे रुग्णालय सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, पण रात्री धुक्यात ते अंतर तीन तासांचे होते. पालमपूर-बीर भागासाठी टांडा येथील राजेंद्र प्रसाद वैद्यकीय महाविद्यालय आधार आहे. बिलासपूरला २०२२ मध्ये एम्स सुरू झाले. निलगिरीत उटीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गंभीर आजारात कोइमतूर दोन-अडीच तासांवर आहे. साठी ओलांडलेल्यांनी गाव निवडताना रुग्णालय आधी नक्की करावे आणि त्याच्या तासाभराच्या परिघातच घर शोधावे, असे या प्रतिनिधीचे मत आहे. याचा अर्थ अनेक रमणीय खेडी यादीतून गळतील. ती गळू द्यावीत.

शाळांबद्दल थोडक्यात. मसुरी, पाचगणी, कसौली, उटी येथील नामांकित शाळा बहुतांशी निवासी आणि महाग आहेत. त्यांच्या नावावरून गावातील सर्वसाधारण शाळेची कल्पना येत नाही. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानुसार दहावीपर्यंत तमिळ विषय अनिवार्य आहे. लहान मूल तो सहज शिकते, पण आठवी-नववीत शाळा बदलणाऱ्यास ते जड जाते. इंटरनेटची खात्री गावाविषयी नव्हे तर घराविषयी करावी, कारण मध्ये एक सोंड आली की मनोरा दिसेनासा होतो.

वन्यप्राणी हा पर्यटकांच्या कौतुकाचा विषय रहिवाशाच्या रोजच्या वेळापत्रकात शिरतो. कुन्नूरच्या रस्त्यांवर गवे फिरतात, कोटागिरीच्या चहामळ्यांत अस्वले येतात, सिमल्यात माकडांपासून जिने-गच्च्या जाळीने बंद कराव्या लागतात आणि कुमाऊँ-गढवालमध्ये बिबट्यामुळे सायंकाळी मुलांना एकटे बाहेर सोडत नाहीत. गर्दीचेही तसेच. निलगिरी व कोडाईकनालला येणाऱ्या वाहनांसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून ई-पास लागू झाला, तो स्थानिकांचे जगणे कठीण झाले म्हणूनच. प्रसिद्ध गिरिस्थानापासून काही अंतरावरील बाजारपेठेचे साधे गाव राहण्यासाठी बहुधा अधिक सोयीचे असते. मनालीऐवजी नग्गर-पतलीकुहल, मॅक्लोडगंजऐवजी पालमपूर, उटीऐवजी कोटागिरी. तेथे 'व्ह्यू पॉइंट' नसतात. न्हावी, औषधाचे दुकान आणि ताजी भाजी असते.

जे निघून गेले

स्थलांतराची चर्चा येणाऱ्यांच्याच बाजूने होते. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा व पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. शाळा, दवाखाना आणि रोजगार नाही म्हणून लोकांनी जे गाव सोडले, तेच शहरातील माणूस शांतता म्हणून विकत घेऊ पाहतो. त्या गावात आपण कसे टिकणार, याचे उत्तर शोधायचे तर गेलेल्यांना विचारावे. हल्द्वानी व डेहराडूनमध्ये ते सहज भेटतात.

राहिलेल्यांना नव्या शेजाऱ्यांविषयी राग असतोच असे नाही. त्यांचे आक्षेप मात्र ठोस आहेत. जमिनीचे भाव त्यांच्याच मुलांच्या आवाक्याबाहेर गेले, झऱ्याकडे जाणारी पायवाट कुंपणात गेली, वर्षातील दहा महिने बंद असणाऱ्या बंगल्यांनी पाणी मात्र बाराही महिने राखून ठेवले. बाहेरून आलेला, पण लग्नकार्याला हजर राहणारा, हिंदी मोडकीतोडकी असली तरी बोलणारा आणि हिवाळ्यातही न पळणारा माणूस वेगळा ओळखला जातो. उत्तराखंडच्या अनेक डोंगरी गावांत दीर्घकाळ पटवारीच पोलिसाचे काम करत आला. ती गावे २०२२ नंतर टप्प्याटप्प्याने नियमित पोलिसांकडे सोपवली जात आहेत. तोवर आणि त्यानंतरही, रात्री दोन वाजता हाकेला येणारा शेजारीच असतो.

खरेदीआधी एक वर्ष

कागद, उतार, पाणी, दवाखाना हे सारे तपासून एखादे गाव पसंत पडले, तरी खरेदी लगेच करू नये. तेथे किमान एक वर्ष भाड्याने राहावे. भाड्याच्या घराला जमीनखरेदीचे निर्बंध लागू होत नाहीत, त्यामुळे हिमाचल-उत्तराखंडमध्ये अनेकांसाठी हाच कायमचा आणि समाधानकारक मार्ग ठरू शकतो. लेखी करार करावा, भाडेकरू म्हणून पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि मुंबई-पुण्यातील घर त्या वर्षात विकू नये. सुरुवात हिमालयात जुलैपासून आणि निलगिरीत ऑक्टोबरपासून करावी. पहिल्या पावसात रस्ता किती वेळा बंद झाला, वीज किती तास गेली, टँकर कधी मागवावा लागला, याची नोंद एका वहीत ठेवावी. जानेवारीत घरातील वडीलधाऱ्यांना महिनाभर राहायला बोलवावे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. मे महिना शेवटी येईल. तोपर्यंत वहीची पाने भरलेली असतील आणि जागेचा भाव विचारायचा की नाही, हे त्या पानांवरून ठरवता येईल.